पाव फेरा जास्त

शनिवारी सकाळी साडेनऊला मिस्त्री सिंकखाली शिरले आणि दुपारी एक वाजेपर्यंत मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. एका पायात मोजा, दुसरा उघडा. दुसरा मोजा मी चढवते म्हटलं तर आतून म्हणाले, "राहू दे. नट पायाने नाही काढायचा."

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. लग्नाला एकतीस वर्षं झाली. तोंडावर मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण सगळं जग मिस्त्री म्हणतं, म्हणून माघारी मीही तेच म्हणते. मोठ्या इस्पितळाच्या देखभाल खात्यात सव्वीस वर्षं त्यांनी नळांची कामं केली. केली, असं मी म्हणते. ते अजून 'करतो' म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. मग तोंड वाकडं झालं, मग ते भिंतीला धरून हळूहळू खाली बसले, पडलेला वस्तरा शोधायला बसावं तसे. तोंड पुन्हा सरळ झालं. पाय बऱ्यापैकी आला. उजवा हात मात्र आगंतुक पाहुण्यासारखा झाला आहे. घरात असतो, जेवताना ताटाशी असतो, कामाच्या वेळी मात्र त्याचा पत्ता नसतो.

रजा संपत आली तसे खात्याचे साहेब घरी येऊन गेले. भला माणूस. खुर्चीच्या टोकावर बसून बोलत होते. म्हणाले, "मिस्त्री, नियमापुढे माझा इलाज नाही. सोमवारी नऊ वाजता वर्कशॉपमध्ये या, एक जुना नळ काढून नवा बसवून दाखवा. जमलं तर तुमचं टेबल, तुमची हत्यारांची पेटी, सगळं जागच्या जागी आहे. नाही जमलं तर फाटकावर काम आहे. खुर्चीवर बसायचं, गाडी आली की बटण दाबून फाटक उघडायचं." मग जरा थांबून म्हणाले, "परीक्षा द्यायचीच नसेल तर रविवारी संध्याकाळी सहापर्यंत मला फक्त एक फोन करा. मी परस्पर फाटकाचा कागद करून टाकतो. कुणाला काही कळणार नाही."

हे शेवटचं ते माझ्याकडे बघून बोलले. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते.

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "अहो, कशाला हात दाखवून अवलक्षण? फोन करू आणि मोकळं होऊ." त्यावर मिस्त्री माझ्याशी दीड दिवस बोलले नाहीत. आमच्या घरात अबोला धरायचा मान माझा. तोही त्यांनी काढून घेतला.

वर्कशॉपमधली एक रीत इथे सांगायला हवी, नाहीतर ते एवढे का पेटले होते ते कळणार नाही. तिथे नवा माणूस आला की त्याच्यासमोर एक गंजलेला, जाम झालेला नट ठेवतात. सगळे चहाचे पेले घेऊन भोवती गोल उभे राहतात. हातात एकच पाना द्यायचा. पान्याच्या मुठीवर पाइप चढवून दांडा लांब करायचा नाही, कुणी हात लावायचा नाही. नट निघाला तर टाळ्या, नाही निघाला तर जन्माचं नाव. एकाचं नाव 'लोणी' पडलं. तो आता तिथला मुकादम झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी इस्पितळातले डॉक्टरसुद्धा त्याला लोणी म्हणूनच हाक मारतात. ते नाव मिस्त्रींनी ठेवलेलं. पुढे इतकी वर्षं नट निवडायचं काम मिस्त्रींचं, आणि नावं ठेवायचंही त्यांचंच. सोमवारी त्याच गोलात मधे ते स्वतः उभे राहणार होते.

शुक्रवारी मी त्यांची दाढी करत होते. हल्ली दाढी मीच करते. तोंडाला फेस असताना ते एकदम म्हणाले, "ते हसले तर मी सहन करीन गं. पण ते हसणार नाहीत. मला नट निघत नाही असं दिसलं की सगळे मिळून दुसरीकडे बघतील."

माझ्या हातातला वस्तरा सरकला आणि त्यांच्या हनुवटीला बारीक चीर गेली. फेस पुसत ते म्हणाले, "उद्या आपल्या घरचा नळ काढून बघतो. निघाला तर सोमवारी जातो. नाही निघाला तर..."

पुढचं मला माहीत होतं. पहिले सहा महिने ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असत. जेवायला चला म्हटलं की 'ठेव' म्हणत, आणि संध्याकाळी ते ताट मी तसंच उचलत असे. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी कामावर परत घेण्याबद्दल साहेबांचा निरोप आल्यावर माणूस त्या भिंतीकडून माझ्याकडे वळला होता. तो पुन्हा भिंतीकडे वळला तर परत फिरवायची ताकद माझ्यात उरलेली नव्हती. तो नट निघायलाच हवा होता. त्यांच्यापेक्षा मला जास्त हवा होता.

आता आमच्या नटाची कथा. नळ सिंकच्या भोकातून खाली उतरतो आणि खालून एक जाड पितळी नट त्याला घट्ट आवळून धरतो. दुसऱ्यांच्या घरी मिस्त्री तो नट बेताचा आवळत. म्हणत, "आपल्यामागून येणाऱ्या माणसाला उघडता आला पाहिजे. त्याच्या शिव्या कशाला खायच्या?" पण एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही या घरात आलो तेव्हा अंगात मस्ती होती. स्वतःच्या घरचा नळ, स्वतःच्या बायकोचा ओटा! काही गरज नसताना त्यांनी नळाच्या आट्यांना सांधा पक्का करणारा सफेदा फासला, वरून ताग गुंडाळला, नट बसेल तेवढा आवळला आणि मग दात ओठ खाऊन आणखी पाव फेरा दिला. मी म्हटलं, "अहो, उद्या काढायचा झाला तर?" तेव्हा छाती फुगवून म्हणाले होते, "इथे मागून येणारा माणूस कोण? मीच ना!"

तोच माणूस आज मागून आला होता, एक हात घेऊन.

साडेनऊला पाण्याचा मुख्य कॉक बंद केला. खालच्या नळ्या निघाल्या, त्या डाव्या हाताने निघण्यासारख्या होत्या. मग नटाची पाळी आली. पहिल्यांदा साधा पाना लावला. तो दोनदा सटकला आणि नटाचे कोपरे झिजले. मग दातांचा पाना. मिस्त्री उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून पान्याभोवती मिटवत, मग डाव्याने वरून दाबत. मनगट वळायचं, पाना जागच्या जागी.

"टॉर्च नीट धर."

"नीटच धरलाय."

"माझ्या डोळ्यात धरलायस."

टॉर्च धरणाऱ्या माणसाला जगात कुणी चांगलं म्हटलेलं नाही. मी इकडे धरला तर तिकडे हवा होता, तिकडे धरला तर सावली पडत होती. साडेदहाला नटावर तेल सोडलं आणि अर्धा तास वाट बघितली. अकराला गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्याला गुंडाळलं. ते फडकं मिस्त्रींच्या छातीवर पडलं आणि त्यांनी जी शिवी दिली ती मी एकतीस वर्षांत ऐकली नव्हती. मग हातोडीने नटाला चारी बाजूंनी ठोकलं. पाचव्या ठोक्याला हातोडी त्यांच्या उजव्या अंगठ्यावर बसली. मी किंचाळले. ते शांतपणे म्हणाले, "ओरडू नकोस, लागलं नाही." आणि मग त्याहून हळू, "काही कळलंच नाही."

हाताचे डॉक्टर म्हणाले होते ते मला आठवलं. जोर थोडाफार येईल, स्पर्श नीट येईलच असं नाही.

मी म्हटलं, "अहो, पान्यावर पाइप चढवा ना. तुम्हीच तर म्हणता, दांडा लांब केला की नट लहान होतो."

"वर्कशॉपमध्ये पाइप चालत नाही."

"हे वर्कशॉप नाही, माझं स्वयंपाकघर आहे!"

"माझ्यासाठी आज वर्कशॉपच आहे. तू टॉर्च धर."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय!

साडेअकराला वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांचं आणि आमचं पाणी एकाच कॉकवरून जातं, म्हणून त्यांचं घर सकाळपासून कोरडं. दारातूनच आत वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, मिस्त्रींच्याच घरचा नळ अडला? आमचा प्लंबर पाठवू का? दहा मिनिटांत करतो हो तो."

सिंकखालचा पान्याचा आवाज थांबला.

"आमच्या घरात प्लंबर आहे," मी म्हटलं.

"हो गं, पण आता..."

"आता काय?"

"काही नाही. एखादी भरलेली बादली असेल तर दे."

मी माझी बादली त्यांना दिली आणि दार जरा जास्तच जोरात लावलं. परत आले तेव्हा मिस्त्री नुसते पडून होते. पाना पोटावर होता. मी टॉर्च लावला तर म्हणाले, "नको लावूस."

एक वाजता ते बाहेर आले. शर्टाला तेल, केसांत जुन्या सफेद्याचा भुगा. उभं राहायला मी हात पुढे केला तर धरला नाही, ओट्याला धरून उठले. दुपारची गोळी घेतली, तिने त्यांना झोप येते. पलंगावर गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघितलं.

"जेवता ना?"

"ठेव."

मी स्वयंपाकघरात आले. पसारा आवरायचा म्हणून खाली बसले, हातोडी उचलली, आणि समोर तो नट. झिजलेला, तेलाने चकाकणारा, जागचा न हललेला. मला इतका संताप आला म्हणून सांगू! त्या नटात माझा एकोणीस वर्षांपूर्वीचा नवरा बसला होता, मस्तवाल, दोन हातांचा, आणि माझ्या आजच्या नवऱ्याला तो हरवत होता. मी उठले, खिडकीचा पडदा ओढून काढला, त्याचा पोकळ लोखंडी दांडा पान्याच्या मुठीवर चढवला. पान्याचे दात नटाला लावले. कुठल्या बाजूला ओढायचं हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं, एकतीस वर्षं दुसरं ऐकलंय काय? दांड्याचं टोक पार ओट्याच्या बाहेर आलं होतं. मी जमिनीवर बसले, दोन्ही पाय भिंतीला लावले आणि अंगातला सगळा राग लावून ओढलं.

नट ओरडला. खरंच ओरडला, दाराच्या जुन्या बिजागरीसारखा एकदाच, आणि पाव फेरा फिरला. मी मागे आडवी झाले.

आधी मला हसूच आलं. मग आतल्या खोलीकडे लक्ष गेलं. मी हे काय करून बसले? त्या माणसाचा नट मी काढला! श्वास धरून मी कानोसा घेतला. आतून घोरण्याचा आवाज येत होता.

पुढे मी जे केलं ते विचार करून केलं, उगाच नाकबूल कशाला करू? मी नट परत आवळला. आधी हाताने, मग पान्याने थोडासा. भाजीत मीठ घालावं तसं अंदाजाने. कमी आवळला तर त्यांना कळेल, जास्त आवळला तर निघणार नाही. दांडा परत खिडकीला लावला, पडदा चढवला, आणि चार वाजता त्यांना हलवून म्हटलं, "अहो, सकाळचं तेल आता मुरलं असेल. एकदा शेवटचं बघता का?"

"काही होणार नाही."

"नाही तर नाही. माझ्यासाठी बघा."

ते आले. आत शिरले. बोटं एकेक करून मिटवली. मी टॉर्च धरला. पाना लागला. ते कण्हले. आणि नट फिरला.

चांगला हात असता तर त्यांना तेव्हाच कळलं असतं. एकोणीस वर्षांचा नट असा मुकाट्याने फिरत नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ज्या हाताला खोटं कळलं असतं तो हातच राहिला नव्हता.

"अगं!" आतून आवाज आला. "अगं, निघाला!"

त्यांना बाहेर ओढताना मी रडत होते, त्यांना वाटलं आनंदाने. थोडी आनंदानेही असेन. ते तिथेच जमिनीवर बसले आणि हसायला लागले, हसताना तोंडाची उजवी बाजू अजून जरा मागे राहते, ती तशी मागे राहून हसत होती. "तेलाने काम केलं," म्हणाले. "घाई करतो माणूस. तेलाला वेळ द्यायला हवा." शुक्रवारीच आणून ठेवलेला नवा नळ त्यांनी बसवला. दीड तास लागला, पण बसवला स्वतः. कॉक उघडला, वरच्या बाईंना जिन्यातून हाक मारून सांगितलं, "बाई, पाणी घ्या! आणि तुमच्या प्लंबरला काही अडलं तर माझ्याकडे पाठवा!" ओरडणं घरभर घुमलं. मग जेवले. दोनदा मागून घेऊन जेवले. आठ महिन्यांत असं जेवले नव्हते, आणि मी समोर बसून माझ्या खोट्याला मनातल्या मनात शाबासकी देत होते.

हात धुऊन त्यांनी फोन उचलला आणि लोणीला लावला.

"लोण्या, सोमवारी नऊला सगळ्यांना बोलव. चहा माझ्याकडून. आणि नट तू निवड, पण ऐक. तळघरातल्या जुन्या बॉयलरच्या पाइपांवरचा आण. कीव करून सोपा आणलास तर गाठ माझ्याशी आहे."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मला वाटलं होतं निघाला की सुंठीवाचून खोकला जाईल, ते सोमवारी जातील, तिथे काहीतरी साधा नळ असेल, कसंतरी होईल. कसंतरी म्हणजे कसं, याचा विचार मी केलाच नव्हता. मी भिंतीकडे वळलेली पाठ बघितली आणि तिथेच माझी अक्कल संपली.

रविवारी सकाळी उठून त्यांनी स्वतः शर्टाला इस्त्री केली, डाव्या हाताने. एका बाहीला दोन घड्या पडल्या. मला म्हणाले, "बघ, नवा दिसतोय की नाही?" मी 'हो' म्हटलं. दुपारपर्यंत मी चार वेळा सांगायला तोंड उघडलं आणि चार वेळा काहीतरी भलतंच बोलले. घड्याळाकडे बघवत नव्हतं. सहाला साहेबांची मुदत. सहा वाजले की मग सोमवार, आणि तो गोल, आणि सगळ्यांचं ते दुसरीकडे बघणं.

साडेचारला मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. पडद्याचा दांडा, भिंतीला लावलेले पाय, परत आवळलेला नट, सगळं.

ते आधी हसले. "तू? तुझ्याने बरणीचं झाकण निघत नाही."

"बरणीवर माझा राग नसतो."

"उगाच काहीतरी सांगू नकोस."

"मी काढला. तुमची शपथ."

त्यांचा चेहरा बदलला. पण मला वाटलं तसा नाही. ते उठून उभे राहिले. "आता समजलं. तुला मी फाटकावर बसलेला हवा आहे. घरी काळजी नको, डोक्याला ताप नको, नवरा कसा खुर्चीत सुरक्षित! पहिल्या दिवसापासून तुझं तेच चाललंय. साहेबांशी पण तूच बोलली असशील."

"अहो..."

"माझ्या हाताने नट निघाला आणि ते तुला बघवलं नाही!"

इतकं लागलं मला ते. एकतीस वर्षांत एवढं कधी लागलं नव्हतं. एक क्षण वाटलं, जाऊ दे मग, जा सोमवारी, फोडून घ्या कपाळ. खोटं मी बोलले होते तेव्हा त्यांनी लगेच मानलं, आणि खरं सांगतेय तर मी वैरीण. पण मला त्या शर्टाच्या बाहीवरच्या दोन घड्या दिसत होत्या.

मी उठले. खिडकीचा पडदा ओढला, दांडा काढला. ते दारात उभे राहून बघत होते. मी पेटीतून दातांचा पाना घेतला, नव्या नळाच्या नटाला लावला, दांडा चढवला. जमिनीवर बसले, पाय भिंतीला लावले. आणि ज्या बाजूला काल ओढलं होतं त्याच्या उलट ओढलं. सिंक कुरकुरलं. मी आणखी ओढलं. खांद्यात कळ आली तेव्हा थांबले.

दांडा काढून बाजूला ठेवला आणि नुसता पाना त्यांच्यापुढे धरला.

"आता काढा," मी म्हटलं. "निघाला तर मी खोटारडी. सोमवारी मी स्वतः तुमच्याबरोबर येते आणि टाळ्या वाजवते."

देवाशपथ, मला वाटत होतं की निघावा. आवळताना मी सगळी ताकद लावली होती आणि मनात एकच धावा चालला होता, निघू दे, मला खोटारडी ठरू दे.

ते आत शिरले. मी टॉर्च धरला. त्यांनी बोटं मिटवली, डाव्या हाताने एकेक, करंगळी शेवटी. ओढलं. मनगट वळलं. पुन्हा बोटं मिटवली. पुन्हा ओढलं. उजवा हात पान्यावरून घसरून छातीवर पडला, तो त्यांनी डाव्याने उचलून परत वर ठेवला, जसं लहान मूल उचलून ठेवावं. तिसऱ्यांदा त्यांनी जे ओढलं त्यात त्यांचे पाय जमिनीवरून उचलले गेले, आणि नट जिथे होता तिथेच होता.

मग आत काहीच हललं नाही. नव्या नळातून एक थेंबसुद्धा पडत नव्हता. पाच वाजून गेले होते.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "केवढा आवळलास गं."

"अंगात होता तेवढा."

"पाय भिंतीला लावलेस, ते बघितलं मी. कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"बरोबर लावलेस." मग त्यांनी विचारलं, "कालही असाच निघाला?"

"हो."

"ओरडला होता का?"

"एकदाच."

"ओरडतोच," ते म्हणाले. "मी ऐकायला हवं होतं."

मी आत हात घातला, तो त्यांच्या खांद्याला लागला. खांदा हलत होता. मी हात तिथेच ठेवला. पंधरा-वीस मिनिटं तशीच गेली असतील. मग ते म्हणाले, "फोन लाव."

मी साहेबांना फोन लावला आणि आत वाकून त्यांच्या डाव्या कानाशी धरला. बाहेर यायला ते तयार नव्हते. पलीकडे साहेबांचा 'हॅलो' मला ऐकू आला.

"साहेब, मिस्त्री बोलतोय. तो फाटकाचा कागद करून टाका." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मिस्त्रींनी घसा साफ केला, आणि आवाज एकदम वर्कशॉपमधला झाला, पूर्वीचा, करडा. "छे छे, हाताला काय झालंय! हात उत्तम आहे. कालच घरचा नळ काढला, एकोणीस वर्षांचा. लोणीला विचारा. पण आमची बायको... काय सांगू साहेब, ऐकतच नाही. म्हणते, आता दगदग पुरे. घरात तिच्यापुढे कुणाचं चालतंय?"

मी फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"मुळीच पाठवणार नाही मी त्यांना!" मी ओरडले, वरच्या बाईंनाही ऐकू जाईल इतक्या जोरात. "यांना काय, हे आत्ता उठून जातील! मीच नाही म्हणते. तसा कागदावर लिहा साहेब, बायको नाही म्हणते!"